भारतीय बनावटीचे विदेशी मद्य

भारतीय बनावटीचे विदेशी मद्य ही भारतातील अबकारी कायद्यांत रूढ असलेली संज्ञा आहे. भारतात तयार होणाऱ्या, परंतु ज्यांची मूळ ओळख परदेशी आहे अशा व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन आणि व्होडका या मद्यांसाठी ती वापरली जाते. व्यापारात तिचे ‘आयएमएफएल’ हे इंग्रजी लघुरूप प्रचलित आहे. एकाच वस्तूला एका दमात भारतीय आणि विदेशी म्हणणारी ही संज्ञा वरकरणी विसंगत वाटते. तरीही परवाना, कर, विक्रीचे दुकान आणि बाटलीवरील लेबल या साऱ्यांचा आधार तीच आहे. पदार्थाच्या दृष्टीने पाहिल्यास भारतात ‘व्हिस्की’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मद्याचा मोठा भाग दीर्घकाळ धान्यापासून नव्हे, तर उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर आधारलेला राहिला आहे. जगात अन्यत्र मळीच्या मद्याला रम म्हणतात. त्यामुळे बाटलीत काय आहे आणि बाटलीवर काय लिहिले आहे, हे दोन प्रश्न येथे वेगवेगळे तपासावे लागतात.

संज्ञेचा उगम

‘विदेशी’ हा शब्द येथे ‘देशी’च्या विरोधात आला आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत सामान्य माणसाची पेये दोन होती. पहिले म्हणजे झाडाचा रस आंबवून मिळणारी ताडी व माडी. गिरगाव, दादर, माहीम या भागांत तेव्हा ताडामाडांच्या वाड्या होत्या आणि रस काढण्याचे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते. दुसरे पेय म्हणजे मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू. मुंबईला लागणाऱ्या या दारूच्या भट्ट्या खाडीपलीकडे उरण येथे एकवटल्या होत्या आणि त्यांची मालकी प्रामुख्याने पारशी व्यापाऱ्यांकडे होती. साहेबांसाठी जहाजाने येणारी व्हिस्की, ब्रँडी आणि रम यांचा वर्ग वेगळा, दर वेगळा आणि ग्राहकही वेगळा होता.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवहारावर सरकारचे नियंत्रण घट्ट केले. विखुरलेल्या भट्ट्यांऐवजी देखरेखीखालील मोजक्या भट्ट्या, रस काढण्याच्या झाडांवर कर आणि विक्रीचे मक्ते अशी त्याची रचना होती. घरगुती गाळप रोखण्यासाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचा संग्रह व वाहतूक यांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. एखाद्या रानफुलासाठी वेगळा कायदा व्हावा, यावरून त्या महसुलाचे महत्त्व लक्षात येते. देशी आणि विदेशी ही विभागणी याच काळात करआकारणीत पक्की झाली आणि स्वातंत्र्यानंतरही तशीच चालू राहिली. विलायतेतून येणारी पेये भारतातच तयार होऊ लागली, तेव्हा त्यांना देशीच्या वर्गात न टाकता ‘भारतीय बनावटीचे विदेशी’ असा तिसरा वर्ग निर्माण झाला.

दारूबंदी आणि परवाना

महाराष्ट्रातील मद्यविक्री आजही ज्या कायद्याखाली होते, त्याचे नाव दारूबंदीचा कायदा असे आहे. परगावच्या वाचकाला ही गोष्ट सांगूनही पटत नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. डॉ. गिल्डर यांच्याकडे अबकारी खाते होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली आणि बुडणाऱ्या महसुलाची भरपाई करण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसवला गेला. या धोरणामागील एक मुख्य युक्तिवाद परळ, लालबाग, काळाचौकी येथील गिरणी कामगारांच्या घरखर्चाचा होता. पगाराच्या दिवशी गुत्त्यात जाणारा पैसा घरी जावा, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि १९५० पासून प्रांतभर संपूर्ण बंदी आली. या अधिनियमाला फ्रामजी बलसारा यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ च्या निकालात न्यायालयाने अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरवला, परंतु मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी अवैध ठरवली. बंदीच्या काळात वैद्यकीय कारणासाठी परवाना मिळत असे आणि अशा परवानाधारकांची संख्या शहरात कमी नव्हती. १९६० च्या दशकापासून बंदी शिथिल होत गेली. तथापि अधिनियम रद्द न करता परवान्यांची कक्षा वाढवण्यात आली. मुंबईच्या रस्त्यांवर ‘परमिट रूम’ अशा ज्या पाट्या दिसतात, त्या या इतिहासाच्या खुणा आहेत. अधिनियमाच्या शीर्षकात आता ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे. मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी व्यक्तिगत परवाना लागतो, ही तरतूद कायम आहे. दुकानात एका दिवसाचा परवाना मिळतो. व्हिस्की व रम यांसारख्या तीव्र मद्यासाठी राज्यात किमान वय २५ वर्षे आहे, तर बिअर व वाईन यांच्यासाठी ते २१ वर्षे आहे.

दुकानांचे वर्गही परवान्याच्या नमुन्यावरून ओळखले जातात. बंद बाटलीतील विदेशी मद्य विकणारे दुकान एफएल-२, बसून पिण्याची सोय असलेले परमिट रूम एफएल-३ आणि देशी दारूचे किरकोळ दुकान सीएल-३. बोलीभाषेत पहिल्याला ‘वाईन शॉप’ म्हणतात. तेथे वाईन सर्वांत कमी खपते, हा भाग निराळा. गांधी जयंती, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी अशा दिवशी विक्री बंद असते. लालबाग, परळ व गिरगाव येथील विसर्जन मिरवणुकांच्या दृष्टीने यांतील शेवटचा दिवस विशेष महत्त्वाचा ठरतो.

मळी आणि धान्य

मद्यार्क मिळवण्यासाठी साखर आंबवावी लागते. ती फळात किंवा उसात तयार मिळते, धान्यात मात्र ती स्टार्चच्या रूपात असते आणि प्रथम तिचे साखरेत रूपांतर करावे लागते. महाराष्ट्रात हा निवड करण्याचा प्रश्न फारसा उरला नाही, कारण मळी हाताशी होती.

मळी म्हणजे उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा काळसर, दाट पाक. तिच्यात अजून बरीच साखर असते, पण ती स्फटिकरूपात काढणे परवडत नाही. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झाली आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. त्यांच्याबरोबर मळीचे साठेही वाढले आणि कारखान्यांच्या आवारात आसवन्या, म्हणजे मद्यार्काचे कारखाने, उभे राहिले.

श्रीरामपूरजवळील टिळकनगर हे या साखळीचे नमुनेदार उदाहरण आहे. महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी १९३३ साली स्थापन केलेली कंपनी मुळात साखरेची होती. पुढे ती मद्याकडे वळली आणि आज ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ ही मॅन्शन हाऊस या ब्रँडीसाठी ओळखली जाते. २०२५ मध्ये या कंपनीने पेर्नो रिकार्ड या फ्रेंच कंपनीकडून इंपीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड विकत घेण्याचा करार केला. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधनाची चळवळ चालवली होती, हे लक्षात घेता स्थळनामाचा हा योगायोग अभ्यासकांच्या नजरेतून सुटत नाही.

मळीच्या उद्योगाची एक बाजू लेबलवर कधीच येत नाही. एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी उरते. त्यात सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण फार मोठे असते. ते प्रक्रिया न करता ओढ्यानाल्यांत सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आसवनीच्या परिसरात राहणाऱ्यांना हा प्रश्न वासावरूनच कळतो. आता त्यातून बायोगॅस काढणे, ते आटवून जाळणे किंवा खतात मिसळणे बंधनकारक झाले आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य सरकारने धान्याधारित आसवन्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी खाण्यालायक राहत नाही, तिला भाव मिळावा, असे समर्थन करण्यात आले. धान्य पोटात जावे की पिंपात, यावर मोठा वाद झाला आणि व्यसनमुक्तीच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी त्यास विरोध केला. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमामुळे मळीला दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे. परिणामी मद्य कंपन्या तुकडा तांदूळ, मका व इतर धान्यांपासून काढलेल्या मद्यार्काकडे अधिकाधिक वळत आहेत.

निर्मितीच्या दोन वाटा

मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट घातले की दीड-दोन दिवसांत ती आंबते. या आंबलेल्या द्रवात मद्यार्काचे प्रमाण साधारण ८ ते १० टक्के असते. पुढची पायरी ऊर्ध्वपातनाची, म्हणजे तापवून वाफ करणे आणि ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवणे. मद्यार्क पाण्याआधी, ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, या फरकावर सारा उद्योग उभा आहे. खरा भेद ऊर्ध्वपातनाच्या उपकरणात आहे.

पहिली वाट उंच स्तंभांची. अनेक मजली धातूच्या स्तंभांत खालून वाफ आणि वरून आंबवण सोडतात. प्रत्येक थरावर मद्यार्क अधिकाधिक शुद्ध होत जातो आणि शेवटी सुमारे ९६ टक्के तीव्रतेचा, जवळजवळ रंगगंधहीन द्रव मिळतो. यालाच व्यापारात ईएनए किंवा ‘न्यूट्रल’ म्हणतात. मळी, तांदूळ किंवा मका यांपैकी कच्चा माल कोणताही असो, या टप्प्यावर त्याची ओळख फारशी उरत नाही. हा मद्यार्क टँकरने बाटली भरण्याच्या कारखान्यात येतो. तेथे खनिजमुक्त पाणी घालून त्याची तीव्रता खाली आणतात, कॅरमलने रंग देतात आणि सुगंधी अर्क किंवा थोडी मुरवलेली माल्ट व्हिस्की मिसळतात. रंग आणि स्वाद बदलला की त्याच मद्यार्काची ब्रँडी किंवा रमही होते. स्वस्त वर्गातील मद्यांच्या बाबतीत ‘प्रकार’ हा कारखान्याच्या अखेरच्या दालनात ठरतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी वाट तांब्याच्या भांड्याची. येथे कच्चा माल सातू, म्हणजे बार्ली. सातू भिजवून त्याला मोड आणतात. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना जी क्रिया घरोघरी होते तीच ही. मोड येताना धान्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये तयार होतात. मग मोड सुकवून, भरडून, गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढतात आणि ते आंबवतात. सुकवताना पीट नावाच्या दलदलीतील मातीचा धूर दिला तर मद्याला धुराची चव येते. आंबवण तांब्याच्या भांड्यातून सहसा दोनदा ऊर्ध्वपातित करतात आणि सुरुवातीचा व शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढा ठेवतात. या मद्यार्काची तीव्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. तो मुद्दाम पूर्ण शुद्ध केलेला नसतो, कारण त्यातील उरलेली द्रव्येच पुढे चव देतात. एकाच आसवनीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून अशा रीतीने केलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट.

भारतात अनेक मध्यम किमतीच्या व्हिस्की या दोन वाटांच्या संगमावर आहेत. १९९५ मध्ये बाजारात आलेली रॉयल स्टॅग ही भारतीय धान्याचा मद्यार्क आणि आयात केलेले स्कॉच माल्ट यांच्या मिश्रणातून तयार केली गेली आणि पुढे या वर्गात स्पर्धक वाढत गेले.

रमची निर्मिती त्या मानाने सरळ आहे. ऊस किंवा मळी हाच तिचा कच्चा माल, त्यामुळे भारतीय रम नावाशी प्रामाणिक असते. मोहन मीकिन कंपनीची १९५४ पासूनची ओल्ड माँक ही तिचे प्रसिद्ध उदाहरण असून, सात वर्षे मुरवलेल्या रमचे मिश्रण म्हणून ती ख्यात झाली. लष्कराच्या कँटीनमधून मिळणाऱ्या रमचे महाराष्ट्रातील ग्रामीण घरांत जे स्थान आहे, ते माजी सैनिकांच्या गावांत आजही पाहावयास मिळते.

मुरवण

ताजा मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन आणि तिखट असतो. ओक लाकडाच्या पिंपात तो ठेवला की लाकडातून रंग, व्हॅनिलासारखे सुगंध आणि तुरटपणा उतरतो. पिंपाच्या छिद्रांतून हवा आत-बाहेर होते आणि मद्यातील काही उग्र द्रव्ये बदलतात. पिंपे आतून जाळलेली असतात. एकदा अमेरिकन बर्बन भरून झालेली पिंपे जगभर पुन्हा वापरली जातात. लोणचे मुरते, तसे हे मुरणे. फरक एवढाच की येथे बरणीच स्वाद देते.

हवामानामुळे भारतीय मुरवणीचे गणित वेगळे होते. पिंपातून दरवर्षी काही मद्य उडून जाते. त्याला आसवनीच्या परिभाषेत ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. थंड, दमट स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के असतो, तर बंगळूर परिसरात १० टक्क्यांच्या आसपास जातो. वर्षाला १० टक्के घट धरल्यास दहा वर्षांनी पिंपात मूळ मद्याचा जेमतेम एकतृतीयांश भाग उरेल. म्हणूनच भारतीय सिंगल माल्टवर बारा किंवा अठरा वर्षांचा आकडा क्वचितच दिसतो. दुसऱ्या बाजूने उष्णतेमुळे लाकूड व मद्य यांची देवाणघेवाण वेगाने होते आणि चार-पाच वर्षांतच मद्य गडद व परिपक्व होते. वय हा आकडा त्यामुळे सर्व देशांत एकाच मोलाचा राहत नाही. भारतीय माल्ट ‘कोवळे’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

बंगळूरच्या अमृत कंपनीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट प्रथम भारतात नव्हे, तर ग्लासगो येथे विक्रीस आणली. भारतीय ग्राहक भारतीय माल्टला स्कॉचची किंमत देणार नाही, हा त्यामागचा अंदाज होता. गोव्यात मुरवली जाणारी पॉल जॉन हीदेखील २०१२ मध्ये आधी ब्रिटनच्या बाजारात गेली. गोव्याचेच काजूचे फेणी हे मद्य मात्र ‘विदेशी’ वर्गात मोडत नाही. २००९ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते अस्सल देशी म्हणूनच ओळखले जाते.

लेबल कसे वाचावे

भारतीय व्हिस्की-रमच्या जवळजवळ प्रत्येक बाटलीवर ‘४२.८ टक्के’ हा चमत्कारिक आकडा असतो. त्याचे मूळ ब्रिटिश ‘प्रूफ’ पद्धतीत आहे. पूर्वी मद्याची तीव्रता तपासण्यासाठी ते बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवीत. दारू पेट घेईल एवढे मद्य तीव्र असले तर ते ‘सिद्ध’ ठरे. पुढे ही मर्यादा ५७.१ टक्के मद्यार्क अशी निश्चित झाली आणि तिला १०० अंश प्रूफ म्हणू लागले. ७५ अंश प्रूफ म्हणजे ५७.१ चे तीनचतुर्थांश, अर्थात ४२.८ टक्के. हेच मद्य सिद्धतेच्या २५ अंश खाली असल्याने जुन्या लेबलांवर ‘२५ यू.पी.’ असेही छापलेले आढळते. मूळ ब्रिटनने ही पद्धत सोडली तरी भारतीय बाटलीवर तिचा ठसा राहिला.

मापांचीही स्वतंत्र भाषा आहे. ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ‘खंबा’, ३७५ ची ‘हाफ’, १८० ची ‘क्वार्टर’ आणि ९० ची ‘नाईन्टी’. यांतील क्वार्टर ही खऱ्या अर्थाने चतुर्थांश नाही. चार क्वार्टर मिळून ७२० मिलिलिटरच होतात. ४२.८ टक्के तीव्रतेच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये तो साधारण १० ग्रॅम भरतो. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमचे एक प्रमाण पेय धरते, म्हणजे एक क्वार्टर ही सहा प्रमाण पेयांएवढी झाली. हा हिशेब लेबलवर नसतो. वाचकाने तो स्वतः करावा.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मद्यविषयक मानके २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यानुसार मद्यार्काचे प्रमाण आणि आरोग्यास अपाय व मद्यपान करून वाहन चालवण्याचा धोका सांगणारा वैधानिक इशारा छापणे बंधनकारक आहे. राज्याला तो प्रादेशिक भाषेत छापण्यास सांगता येते. रंग व स्वाद मिसळले असल्यास तसा उल्लेख हवा. याखेरीज राज्याच्या नियमांनुसार तुकडी क्रमांक, निर्मितीचा महिना, किंमत आणि ‘फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी’ अशी सूचना असते. शेवटच्या सूचनेचे कारण करव्यवस्थेत आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेले असून, त्यावरील उत्पादन शुल्क प्रत्येक राज्य आपापले ठरवते. गोव्यात स्वस्त मिळणारी बाटली सिंधुदुर्गात आणल्यास ती तस्करी ठरते, ती यामुळेच.

अर्थपूर्ण शब्द आणि शोभेचे शब्द यांतला फरक ओळखणे हे लेबल वाचण्यातले मुख्य कौशल्य होय. ‘सिंगल माल्ट’ या शब्दाला मानकांत व्याख्या आहे. वयाचा आकडा असेल तर तो मिश्रणातील सर्वांत तरुण मद्याचा असतो, सरासरीचा नव्हे. याउलट ‘रिझर्व्ह’, ‘प्रीमियम’, ‘स्पेशल’, ‘नंबर वन’ किंवा तीन फुल्या यांना कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. ‘स्कॉच मिसळलेली’ असे लिहिलेले असले तरी किती, हे बहुधा सांगितलेले नसते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे मूळ मद्यार्क मळीचा की धान्याचा, ती लेबलच्या दर्शनी भागावर शोधावी लागते आणि अनेकदा सापडत नाही.

‘व्हिस्की’ कशाला म्हणावे

भारतीय मानकांतील व्हिस्कीच्या व्याख्येत धान्यांबरोबर मळी आणि शेतमालापासूनचा न्यूट्रल मद्यार्क यांनाही स्थान आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की केवळ धान्यापासून केलेली आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरलेली असावी लागते. स्कॉचसाठी तर ती स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरणे आणि किमान ४० टक्के तीव्रतेची असणे बंधनकारक आहे. परिणामी भारतात प्रचंड खपणारे कित्येक ब्रँड युरोपात ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाहीत.

नावांवरूनही खटले झाले. बंगळूरच्या खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’ या नावाला स्कॉच व्हिस्की असोसिएशनने आक्षेप घेतला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल खोडे यांच्या बाजूने दिला. आक्षेप घेण्यास झालेला दीर्घ विलंब हे त्यातील एक प्रमुख कारण होते. पुढे ‘स्कॉच’ला भारतातही भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२५ मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात ब्रिटिश व्हिस्कीवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे.

बनावट आणि विषारी मद्य

लेबल, सील आणि शुल्काचा शिक्का यांचे महत्त्व चवीपुरते नाही. २००४ मध्ये विक्रोळी येथे आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने बळी घेतले. मालवणीतील मृतांची संख्या शंभराहून अधिक होती. अशा घटनांत सहसा कारण असते मिथेनॉल. तो रंग-लाकूड उद्योगात वापरला जाणारा, दिसण्यात व वासात पिण्याच्या मद्यार्काहून सहज वेगळा न ओळखता येणारा पदार्थ आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते प्रथम दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. काही तास केवळ नशाच जाणवते. अंधूक दिसणे, पोटदुखी व श्वासाचा त्रास नंतर सुरू होतो. वेळीच रुग्णालयात नेल्यास उपचार होऊ शकतात, म्हणून हा विलंबच घातक ठरतो.

या घटनांतील मृत बहुतेक रोजंदारीवरचे कामगार होते, हे विसरता येत नाही. करामुळे परवानाधारक मद्य महाग झाले की सर्वांत खालच्या उत्पन्नाचा ग्राहक हातभट्टीकडे ढकलला जातो, असा एक युक्तिवाद आहे. मद्य स्वस्त केल्यास सेवन व त्यामुळे होणारे रोग वाढतात, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे, आणि राज्याच्या तिजोरीला या महसुलाची सवय झालेली असल्याने निर्णय निव्वळ आरोग्याच्या निकषावर होत नाहीत. मद्यार्क हा कर्करोगकारक पदार्थ असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नमूद केले आहे. महाराष्ट्रातच गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात मात्र ती २०१५ मध्ये येऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. त्याच वेळी राज्यातील उत्पादकांनी धान्यापासून तयार करावयाच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गास मान्यता देण्यात आली. देशी आणि भारतीय बनावटीचे विदेशी यांच्या मधोमध, किमतीनेही, हा वर्ग बसतो. १८७८ पासून चालत आलेल्या वर्गवारीत त्यामुळे आणखी एका नावाची भर पडली आहे.